दादांची फियाट

धारवाडास माळमड्डीत आमचे थोरले बंधू राहतात. सारे आप्तेष्ट त्यांस दादा म्हणतात, म्हणून येथेही आम्ही तसेच म्हणू. २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात एका मंगळवारी पहाटे त्यांचा आम्हांस हुबळीस फोन आला. आवाज इतका शांत होता की घरातले कोणी निवर्तले असावे, असेच आम्हांस वाटले. ‘गाडी नाही,’ एवढेच ते म्हणाले. आम्ही अंगावर कोट चढविला आणि मिळाली ती पहिली चिगरी बस धरून धारवाड गाठले. पाऊस रात्रभर पडत होता. अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली तेवढी एक लांबट कोरडी जागा उरली होती, आणि दादा हातात पुसावयाचे फडके घेऊन तिच्या कडेला उभे होते.

ती गाडी म्हणजे १९५८ सालची फियाट ११००. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या इटालियन नमुन्याच्या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे त्याच घराण्यातील धाकटी बहीण ‘पद्मिनी’ या नावाने मुंबईची टॅक्सी बनली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तेथील रस्त्यांवरून निवृत्त झाली. आमची थोरली. हिला पुढची दारे उलटी उघडणारी, गियरचा दांडा सुकाणूच्या चाकालगत, पुढे तिघांना बसता येईल असे सलग बाक, आणि नाकाडाची ठेवण अशी की मुंबई-पुण्याकडे हिला लोक सर्रास ‘डुक्कर फियाट’ म्हणत. वहिनींच्या घरात मात्र या नावाचा उच्चार करण्यास सक्त मनाई होती.

आमचे वडील हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात फोरमन होते. नवी मोटार घ्यावयाची तर त्या काळी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि वडिलांची ऐपतही तेवढी नव्हती. १९६३ साली एका डॉक्टरांची वापरलेली गाडी त्यांनी घेतली. पुढल्याच वर्षी गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते, त्यास आम्ही सारे हिच्यातून गेलो. दादा सोळा वर्षांचे, आम्ही दहांचे. अनमोडचा घाट परतताना चढताना रेडिएटर उकळू लागला, तेव्हा आईने जेवणाच्या डब्यातले भांडे रिकामे करून दादांस ओढ्यावर पिटाळले. आरशाला तिने जी जपमाळ त्या दिवशी अडकविली, ती साठ वर्षे तेथेच होती. दोर दोनदा बदलला, मणी तेच.

पोलिस ठाण्यात तक्रार लिहून घेताना अंमलदाराने चोरीस गेलेल्या वस्तूंची यादी मागितली. कायदा आता नवा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चोरीचे कलम ३७९ जाऊन ३०३ आले. यादी मात्र जुन्याच पद्धतीची. दादांनी इंजिनचा व चॅसिसचा क्रमांक तोंडपाठ सांगितला, हे पाहून अंमलदारही चकित झाला. मग जॅक एक, जादा चाक एक, पाना-पेटी एक, जपमाळ एक. ‘हिची किंमत?’ अंमलदाराने सरळपणे विचारले. त्याच्यापुढे रकाना होता, त्याला तो भरावयाचा होता. दादा काही बोलेनात. शेवटी आम्हीच ‘दहा रुपये लिहा’ म्हणालो, आणि ते शब्द तोंडातून जाताच आम्हांस लाज वाटली.

तथापि खरी लाज वाटावी असे कृत्य आम्ही त्यानंतर पाच मिनिटांनी केले, आणि या आठवड्याचे हे लेखन मुख्यत्वे त्यासाठी आहे.

अंमलदाराने विचारले, ‘कोणावर संशय?’ दादा म्हणाले, ‘नाही.’ आम्ही म्हणालो, ‘आहे.’ दादांच्या गाडीची देखभाल एक वृद्ध मिस्त्री करीत. त्यांचे डोळे अधू झाल्यापासून त्यांच्या हाताखाली तयार झालेला चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण ते काम पाही. चोरीच्या आधी दोन दिवस त्याने कार्बुरेटर साफ करण्यासाठी सोडवून गॅरेजात नेला होता. गाडी रात्री कोठे उभी असते, फाटकाचे कुलूप केवढे, दादा कोणत्या वेळी झोपतात, हे त्यास ठाऊक होते. शिवाय जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांना आता बरी किंमत येते, हेही त्यानेच आम्हांस एकदा सांगितले होते. हे सारे आम्ही पोलिसांस सांगितले. वकिलीचे शिक्षण न घेताही मनुष्य केवढा वकील होऊ शकतो, याचा प्रत्यय त्या दिवशी आला.

त्या मुलास दोन दिवस ठाण्यावर बोलावून बसविण्यात आले. त्याला मारहाण झाली नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो. परंतु गल्लीने त्यास नेताना पाहिले, आणि गॅरेजात येणारी दोन-तीन गिऱ्हाइके त्या आठवड्यात दुसरीकडे गेली.

तिसऱ्या दिवशी रस्त्यावरील एका दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्रण मिळाले. पहाटेच्या पावसात चार इसम फियाट ढकलीत कोपऱ्यापर्यंत नेतात, तेथे उघड्या ट्रकवर चढवितात, आणि ट्रक बायपासच्या दिशेने जातो. ट्रकचा क्रमांक चिखलाने माखलेला. तो तरुण त्या चौघांत नव्हता. ट्रक आल्याच्या वेळी तो मिस्त्रींना घेऊन सरकारी दवाखान्यात होता, असेही नंतर निष्पन्न झाले. दादा ते चित्रण पाहून हळूच म्हणाले, ‘अरे, ढकलून का नेली? कार्बुरेटर नव्हता म्हणून. तो चोरणार असता तर आधी बसवला नसता का?’ इतकी साधी गोष्ट. वाचकहो, आमचे वय सत्तर, आणि ती आम्हांस सुचली नव्हती. खरे सांगावयाचे तर सुचू द्यावयाची नव्हती. हरवलेल्या वस्तूच्या जागी कोणाचे तरी नाव ठेवले की मनाला टेकू मिळतो. आणि आपल्याहून गरीब माणसाचे नाव ठेवावयास सर्वांत सोपे.

दादा त्याच संध्याकाळी मिस्त्रींच्या घरी गेले. आम्ही गेलो नाही. कामाची सबब सांगितली आणि तीन आठवडे ती पुरविली.

आता दुःखाविषयी. ‘जुना पत्रा तो, भंगारात काय आले असते?’ असे दादांस सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांचा हेतू सांत्वनाचा असेल. पण अशा सांत्वनाने मनुष्य आपले दुःख लपवू लागतो, एवढेच होते. दुसरे काही असे, की ‘वस्तूत इतका जीव गुंतवू नये’ म्हणणारे. दादांनी हे स्वतःलाच ऐकवून पाहिले. त्यांना त्या गाडीचा लोभ होता काय, हा प्रश्न त्यांनी आम्हांसही विचारला. आम्हांस तसे वाटत नाही. लोभी मनुष्य वस्तू झाकून ठेवतो. दादांच्या गाडीतून माळमड्डीतल्या निम्म्या नवऱ्या लग्नाला गेल्या, आणि दोन बाळंतिणी रात्री दवाखान्यात पोहोचल्या. दररोज पाच वाजता ते गाडी पुसत आणि येणाजाणारांशी बोलत. गाडी गेल्यावर बोलणेही गेले. चार दिवस ते पाच वाजता उठून अंगणात जात आणि परत येत.

वहिनींनी याबाबत जे केले ते आम्हांस फार शहाणपणाचे वाटते. प्रथम त्यांनी छपराखालच्या त्या जागेत काही ठेवू दिले नाही. सुनेने कुंड्या आणल्या, त्या परत पाठविल्या. दुसरे, त्यांनी दादांस एक वही आणून दिली आणि गाडीतून केलेला प्रत्येक प्रवास लिहावयास सांगितले: साल, रस्ता, बरोबर कोण, कोठे बंद पडली. ऑक्टोबरपर्यंत दीड वही भरली. संत अंतोनीचे तेरा मंगळवारही त्यांनी सुरू केले. मात्र ‘गाडी सापडू दे म्हणून नव्हे, यांना झोप लागू दे म्हणून’ असे त्या बजावून सांगत.

व्यवहाराच्या चार गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, कारण जुनी वाहने आमच्या अनेक वाचकांच्या दारी आहेत. दादांकडे केवळ कायद्याने सक्तीचा असा तृतीय पक्षाचा विमा होता. त्यात चोरीची भरपाई नसते, म्हणून त्यांना एक पैसा मिळाला नाही. पूर्ण विमा घेताना पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवावयाची असते. ती जाणकाराकडून लिहून घेऊन ठरवावी. विमा असल्यास तक्रार तात्काळ नोंदवावी. पोलिसांत वेळेवर तक्रार झालेली असेल, तर केवळ विमा कंपनीस कळविण्यास विलंब झाला म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. आरटीओ कार्यालयासही लेखी कळवावे. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून स्वतंत्र नोंदणीचा नियम आहे. तिच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. तशी गाडी रोजच्या वापरास मात्र चालत नाही, आणि याच कारणाने दादांनी ती नोंदणी केली नव्हती. गाडी काय भिंतीला लावावयाची, असे ते म्हणत.

सापडण्याची आशा किती धरावी? अमेरिकेत क्वेंटिन टॅरँटिनो या चित्रपट दिग्दर्शकाची १९६४ सालची शेव्हरोले मॅलिबू १९९४ साली चोरीस गेली आणि २०१३ साली सापडली. ज्याच्यापाशी सापडली त्या गृहस्थाने ती प्रामाणिकपणे विकत घेतलेली होती. हा वृत्तांत आम्ही दादांस मोठ्या उत्साहाने ऐकविला. त्यांनी बोटांवर हिशेब केला. ‘एकोणीस वर्षे. म्हणजे मी पंचाण्णव. लायसन्स कोण देणार?’ गाडी गेल्यानंतरचे ते त्यांचे पहिले हसणे.

त्याच नोव्हेंबरात गोव्यात पुन्हा दर्शन सुरू झाले. दादांचा बेत साठ वर्षांनी त्याच गाडीतून, त्याच घाटाने जाण्याचा होता. कार्बुरेटर सोडविला होता तो त्यासाठीच. आम्ही सारे रेल्वेने गेलो. लोंढा, कॅसलरॉक, मग दूधसागर. दादा खिडकीशी बसले होते. कोठेतरी जंगलापलीकडे तो रस्ता असेल, असे ते एकदा म्हणाले; नंतर वही काढून काहीतरी लिहीत राहिले.

मिस्त्रींच्या त्या मुलाकडे आम्ही गेलो ते सप्टेंबरच्या मध्यास. काय बोलावयाचे ते बसमध्ये जुळविले होते, पण गॅरेजात शिरताच ते सारे विसरलो. ‘तुझे नाव मी दिले होते,’ एवढेच म्हणालो. तो एका स्कूटरचे चाक बसवीत होता. ‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘साहेबांनी सांगितले नाही. ठाण्यावरच कळले.’ त्याने चहा मागविला. क्षमा केली किंवा नाही हे त्याने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

डिसेंबरात एका संध्याकाळी पाचच्या सुमारास तो दादांच्या फाटकाशी आला. आम्ही तेथेच होतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कार्बुरेटर त्याने ओट्यावर ठेवला. साफ केलेला, नवी पॅकिंगे घातलेली. मजुरी घेईना. दादांनी तो उलटसुलट करून पाहिला, फडक्याने पुसला आणि परत त्याच्या हातात दिला.

‘तुझ्यापाशीच राहू दे,’ ते म्हणाले. ‘गाडी आली तर तुलाच बसवावा लागेल.’