पेरूत अळी शिरली कशी?

मुलांनो, गेल्या आठवड्यात मधल्या सुटीत आमच्या चौथीच्या वर्गात एकदम आरडाओरडा झाला. एका मुलीने घरच्या झाडाचा पेरू आणला होता. वरून कसा छान, पिवळाधमक! पण चावा घेतला तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. पेरू गेला खिडकीबाहेर आणि प्रश्न आला माझ्यापुढे, "बाई, पेरूला भोक तर नव्हतं. मग अळी आत शिरली कशी?"

प्रश्न अगदी रास्त होता. खरं म्हणजे अळी बाहेरून शिरतच नाही. फळमाशीची मादी पिकायला आलेल्या फळाच्या सालीत सुईसारखी नळी टोचते आणि सालीखाली अंडी घालते. टोचल्याची खूण इतकी बारीक, की सहज दिसत नाही. अंड्यांतून अळ्या निघतात, गर खातात. फळ सडून गळतं, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि त्यातून नव्या माश्या बाहेर पडतात.

ही माशी आंब्यालाही सोडत नाही. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यावर बंदी घातली, ती मालात फळमाश्या सापडल्या म्हणूनच. आपला हापूससुद्धा अडकला! ही बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली.

मग औषध फवारायचं का? पण अळी बसलेली आत आणि फवारा पडणार सालीवर. विष मात्र आपल्या तोंडाशी येणार. इथे उपयोगी पडतो वास.

गोष्ट आहे १९१२ ची. बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. ज्या सिट्रोनेला तेलाने डास पळतात, त्याच तेलाकडे फळमाश्या धावत येतात, असं त्यांच्या लक्षात आलं. गंमत म्हणजे आलेल्या माश्या नर होत्या! १९१५ मध्ये त्यांनी दाखवलं, की या नरांना ओढणारं द्रव्य आहे मिथिल युजेनॉल. आपल्या अंगणातल्या तुळशीतही ते असतं.

नरांना ते कशाला हवं? आंब्या-पेरूवरच्या फळमाशीचे नर ते चाटतात. त्यांच्या शरीरात त्यापासून वेगळा सुगंध तयार होतो. संध्याकाळ झाली, की तो सोडून ते माद्यांना बोलावतात. नवरदेव अत्तर लावून निघतो ना, अगदी तसंच!

असे अत्तराचे शौकीन परदेशातही आहेत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात चकचकीत हिरव्या-निळ्या ऑर्किड मधमाश्या राहतात. त्यांचे नर फुलांतले वास गोळा करून मागच्या पायांच्या पोकळीत साठवतात. काही ऑर्किडची फुलं त्यांना मध देतच नाहीत, नुसता वास देतात आणि बदल्यात परागांची पुरचुंडी त्यांच्या अंगावर चिकटवून देतात. आपल्या नीलगिरी तेलातलं सिनिऑल ठेवलं, तरी यांतल्या कितीतरी जातींचे नर गोळा होतात.

आता आपल्या पेरूकडे येऊ. प्लास्टिकच्या डब्यात मिथिल युजेनॉलचा बोळा ठेवून डबा झाडाला टांगतात. वासाने नर आत जातात आणि मरतात. नर कमी झाले, की माद्यांना जोडीदार मिळत नाही, मग अळ्याही कमी. शिवाय फळाला विष लागत नाही. मात्र बोळ्यात बहुधा कीटकनाशक असतं, तेव्हा सापळ्याला तुम्ही हात लावायचा नाही. ते काम मोठ्यांचं.

पण एकट्याने सापळा लावून भागत नाही. उरलेला एक नरही अनेक माद्यांना पुरतो आणि माशी काही कुंपण पाळत नाही. आमच्या नाशिकला बंगल्याच्या आवारात, मळ्याच्या बांधावर पेरूचं झाड दिसतंच. म्हणून सापळे सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून, फळं पिकायच्या आधीच लावायला हवेत. गळलेली फळंही उचलायला हवीत.

हे सांगून होतं न होतं तोच ती मुलगी उठली. "बाई, मग मी फेकलेला पेरू?"

आम्ही सगळे बाहेर गेलो, पेरू शोधला आणि मैदानाच्या कडेला खोल खड्डा करून पुरून टाकला.

तुम्ही काय कराल? सकाळी पेरूच्या झाडाखाली बशीत तुळशीची चुरडलेली पानं ठेवा आणि लांब बसून बघा. कोण कोण पाहुणे आले, ते वहीत लिहून ठेवा!