शेगडी छोटी, धुराडं मोठं

लंडनच्या किंवा लीड्सच्या जुन्या वस्तीत रस्त्यावर उभं राहून एखाद्या घराच्या छपरावरची भाजलेल्या मातीची नळकांडी मोजली, की आत किती फायरप्लेस आहेत किंवा होत्या ते कळतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या घरांत जवळजवळ प्रत्येक खोलीला फायरप्लेस असे आणि प्रत्येकीचं धुराडं भिंतीतून वेगळं वर जाई. आज त्यातल्या बहुतेक थंड पडल्या आहेत. काही विटांनी बुजवल्या, काहींसमोर सोफा आला, आणि एखाद्या मराठी घरात तिथेच गणपती बसले.

त्या थंड पडण्यामागे एक मोठी दुर्घटना आहे. 5 ते 9 डिसेंबर 1952 या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसून राहिलं. तेव्हाच्या हिशेबाने त्यात सुमारे 4,000 माणसं दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा 12,000 पर्यंत नेला. 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, गावोगावी धूरबंदीचे भाग ठरले, आणि पुढे गॅसवरच्या सेंट्रल हीटिंगने उरलंसुरलं काम केलं.

मग 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धापायी गॅसची बिलं फुगली आणि बुजवलेल्या फायरप्लेसकडे पुन्हा लक्ष गेलं. तिकडे ज्याला लॉग बर्नर म्हणतात, ती काचेच्या दाराची लोखंडी शेगडी त्या खळग्यात सरकवून द्यावी, एवढाच बेत असतो. दुकानात शेगड्या देखण्या मांडलेल्या असतात. निवड एका शनिवारात होते. पण पैसा, कष्ट आणि अक्कल लागते ती शेगडीला नव्हे, तिच्या वरच्या धुराड्याला, आणि हे बहुतेकांना पैसे भरून झाल्यावर कळतं.

मुळात उघड्या फायरप्लेसचा कारभार आतबट्ट्याचाच. लाकडातली पाऊण-एक हिस्सा ऊब धुराड्यावाटे आभाळात जाते आणि जाताना खोलीतली कोमट हवाही ओढून नेते. तिची जागा घ्यायला दारंखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. त्यामुळे समोर बसणाऱ्याचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते. बंद शेगडीत हवा मोजून आत सोडता येते, म्हणून तीच लाकडं तिप्पट ऊब देतात. सध्याच्या इकोडिझाइन नियमानुसार बाजारात येणाऱ्या नव्या बंद शेगडीची कार्यक्षमता किमान 65 टक्के असावी लागते.

फायरप्लेसमध्ये लोखंड बसवण्याचा हा उद्योग बेंजामिन फ्रँकलिननेही केला होता. 1740च्या सुमारास फिलाडेल्फियात त्याने ओतीव लोखंडाची एक पेटी बेतली, 1744 मध्ये तिच्यावर पुस्तिका काढली आणि पेटंट देऊ केलं तरी घेतलं नाही. पेटीत एक गोम होती. धूर आधी वर चढून मग मागच्या बाजूने खाली उतरायचा आणि जमिनीलगतच्या वाटेने धुराड्यात शिरायचा. गरम धुराला खाली उतरवायचं तर धुराडं आधीच चांगलं तापलेलं हवं. ते नसलं की धूर सरळ खोलीत. पुढच्या कारागिरांनी ती खालची वाटच काढून टाकली. 1796 मध्ये काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने तर पेटीबिटी न घालता फायरप्लेसच उथळ केली, तिच्या बाजू तिरप्या केल्या, धुराड्याचा गळा आवळला आणि धुराची तक्रार मिटवली. शेगडीपेक्षा धूर वर खेचणारी धुराड्याची ओढ महत्त्वाची, हे रम्फर्डला बरोबर समजलं होतं.

ओढीचंच गणित जुन्या घरात फसतं. विटांचं धुराडं साधारण नऊ इंच चौरस असतं, शेगडीचं तोंड पाच किंवा सहा इंच व्यासाचं. म्हणजे शेगडीतून निघालेल्या धुराला तिप्पट-चौपट मोठी, थंडगार जागा मिळते. त्यात बंद शेगडीने ऊब आधीच काढून घेतल्याने धूर मुळातच कमी गरम. तो रेंगाळतो, निवतो आणि त्यातली वाफ नि डांबर विटांवर बसतं. हे डांबर एकदा पेटलं की धुराड्यालाच आग लागते. शिवाय जुनी धुराडी आतून चुन्यात शेण कालवून लिंपलेली असत. हो, इंग्लंडातसुद्धा. शंभर-सव्वाशे वर्षांत तो गिलावा गळून पडतो, दोन धुराड्यांमधल्या विटेची दर्ज उघडी पडते, आणि बैठकीतला कार्बन मोनॉक्साइड वरच्या झोपायच्या खोलीत पोचतो. त्याला ना वास ना रंग.

म्हणून जुन्या धुराड्यात स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडणं हाच शहाणपणाचा मार्ग. आधी ब्रश घालून काजळी झाडतात. बरोबर जॅकडॉ पक्ष्यांची घरटी, काटक्या, कधी अख्खी वीट खाली येते. मग एक माणूस छपरावर, एक खाली. नळीच्या टोकाला निमुळती टोपी आणि तिला दोर बांधलेला असतो. वरचा ढकलतो, खालचा ओढतो, आणि धुराडं जिथे वळतं तिथे दोघांची हुज्जत. नळीवर बाण छापलेला असतो, तो वरच्या दिशेने हवा. नळी उलटी गेली तर आतल्या सांध्यांच्या कडांवर डांबर अडून राहतं. खाली फायरप्लेसच्या गळ्याशी पत्रा ठोकून भोवतालची फट बुजवतात, नाहीतर ऊब शेगडीमागून वर पळते. शेगडीपुढे किमान 300 मिलिमीटर न जळणारी फरशी, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हा अलार्म इंग्लंडात 2010 पासून कायद्यानेच सक्तीचा आहे. शेवटी धुराची गोळी पेटवून नळी कुठे गळत नाही ना ते बघायचं.

यानंतरची चूक हौसेची असते. ढोबळ हिशेब असा की 14 घनमीटर जागेला एक किलोवॉट पुरे. चार मीटर लांब, साडेतीन रुंद, पावणेतीन उंच अशा खोलीला तीनही किलोवॉट लागत नाहीत. घेतली जाते आठची. मग खोलीत उकडायला लागतं, माणूस हवेची कळ बंद करतो, लाकडं धुमसत राहतात आणि दोन दिवसांत काच काळी.

लाकूड ओलं असलं तर तेच घडतं. ज्याने घरी तांब्याचा बंब पेटवलाय त्याला पावसाळ्यातल्या सरपणाचं वेगळं सांगायला नको. इंग्लंडात मे 2021 पासून दोन घनमीटरपर्यंतच्या विक्रीत लाकडाचा ओलावा 20 टक्क्यांपर्यंतच असावा असा नियम आहे. ओलावा मोजायचा तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजावा. बाहेरची साल कुणालाही फसवते.

इतकं सगळं नीट केलं तरी धूर तो धूरच. चांगल्यातल्या चांगल्या शेगडीतूनही सूक्ष्म कण निघतात, आणि घरगुती लाकूड जाळणं हा ब्रिटनमध्ये या कणांच्या मोठ्या स्रोतांपैकी एक आहे. धूरबंदीच्या भागात धुराड्यातून धूर काढला तर 175 ते 300 पौंडांचा दंड होऊ शकतो. यॉर्कशरच्या माळावर गॅसची पाइपलाइन नसलेल्या घराला शेगडी शोभते. लंडनमध्ये रेडिएटर तापत असताना केवळ ज्वाळा बघायला ती पेटवणं, हा शेजाऱ्यांच्या फुप्फुसांवर केलेला शौक आहे.

तरीही बसवायचीच असेल त्याने आधी शेगडीच्या दुकानात जाऊ नये, धुराडं झाडणाऱ्याला बोलवावं आणि आत कॅमेरा सोडून काय दिसतं ते स्वतः बघावं. काम नोंदणीकृत माणसाकडून करून घेऊन त्याचा दाखला जपून ठेवावा. घर विकताना वकील तो मागतात. आणि हा फोन उन्हाळ्यातच करावा, ऑक्टोबर उजाडला की ही मंडळी हाताला लागत नाहीत.