जंगल तुटल्यावर मिळालेली दाद

नंदू भेंडे म्हटलं, की मराठी रसिकाला आधी आठवतो १९७८ चा ‘तीन पैशाचा तमाशा’. पु. ल. देशपांड्यांच्या त्या नाटकात आत्माराम भेंड्यांच्या या चिरंजीवांनी खणखणीत रॉक ऐकवलं आणि सभ्य प्रेक्षक खुर्चीत ताठ बसले. पण हा आवाज तयार झाला होता मुंबईच्या इंग्रजी बँडमध्ये. त्यातलाच एक ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’.

सत्तरच्या दशकात मुंबईत हे वारं जोरात होतं. एका सिगारेट कंपनीच्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ मध्ये तबकड्या निघाल्या. १९७२ मध्ये तर ‘लेड झेपेलिन’चे पेज आणि प्लांट कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये चक्क इथल्या वादकांबरोबर वाजवून गेले! पोरं वेडी झाली होती. पण तबकडी काढायला पैसा लागतो आणि कंपन्यांचा पैसा सिनेमाच्या गाण्यांत होता. इंग्रजी रॉकवाल्यांना विचारतो कोण? त्यामुळे बहुतेक बँड वाजले, गाजले आणि हवेत विरून गेले.

बेस गिटारवाले कीथ कांगा आणि गिटारवादक नील चट्टोपाध्याय यांच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’च्या नशिबी निदान एक एलपी आली, ‘ऑब्सेशन ७७’. तीही कधी? बँड पांगल्यावर! वरात निघून गेल्यावर बँडबाजा यावा, तशी गत. ती वाजवायला मंच नव्हता, ऐकायला ते श्रोते उरले नव्हते. तबकडी धूळ खात पडली.

पुढे परदेशी संग्राहकांच्या हाती तिच्या प्रती लागल्या आणि त्यांचे डोळे विस्फारले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ या कंपनीनं, कधीच बाहेर न आलेली काही ध्वनिमुद्रणं जोडून, हे सारं ‘ऑब्सेशन’ नावानं पुन्हा प्रसिद्ध केलं.

ऐकताना एक गोष्ट जाणवते. जिमी हेंड्रिक्सचं ‘फॉक्सी लेडी’ त्यात आहे, म्हणजे उसनवारी आहेच. नक्कल म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. पण गिटारची घरघर आणि ढोलकीसारखा पुढे सरकणारा ठेका एकत्र येतात, तेव्हा हा माल मुंबईचाच आहे, हे कळतं. जोडलेली जादा गाणी तर मूळ एलपीपेक्षा अधिक जिवंत वाटतात.

भारतात मात्र याची वार्ता मोजक्यांनाच लागली. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. बातम्यांमध्ये ‘सुपरस्टार’मधला जूडास आणि ‘तमाशा’ होता. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ला मिळाली जेमतेम एक ओळ.