जोखमीचा जमाखर्च

मराठी माणसाला धंद्यातील धाडस मानवत नाही, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले गेले आहे की ते खरे की खोटे हे पाहण्याची तसदीही आता कोणी घेत नाही. व्याख्यानमालांतून ते टाळ्या मिळविते, आणि श्रोते दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर होतात. प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक. उद्योजक हा उत्पादनाचा चौथा घटक मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पगार मात्र दरमहा बिनधोक घेत आलो आहे.

गेल्या महिन्यात एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. मुलाने पदवीनंतर पुण्यात राहून चार वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी केली. आता गावी परतून शेतीपंपांच्या मोटारींचे रिवाइंडिंग करून देणारे दुकान टाकावे असे त्याच्या मनात आहे. कामही तो शिकला आहे. 'सर, त्याला तुम्हीच दोन शब्द सांगा,' असे वडील म्हणाले. ते दोन शब्द कोणते असावेत याविषयी त्यांना शंका नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर क्षणभर मलाही नव्हती.

पण मग हिशेब मांडून पाहिला. जागा मोजक्या, उमेदवार लाखोंनी. खोलीभाडे, खानावळ, अभ्यासिका यांचा खर्च वडिलांचा, आणि खर्ची पडते ती विशी. ही सोडत नव्हे तर काय? सगळेच ती खेळतात म्हणून तिला कोणी धोका म्हणत नाही, इतकेच.

फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम. तिचा विमा उतरविता येतो. जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता, आणि उद्योजकाचा नफा हे ती पत्करल्याचे फळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी त्यांनी बढती डावलली गेल्यावर सोडली, हे आपण कौतुकाने सांगतो. परंतु बेळगावात भावाबरोबर सायकलींचा व्यवसाय हाताशी होता, हे सांगावयाचे विसरतो. खरी अनिश्चितता पुढे होती. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनेल अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. अशा गिऱ्हाइकाच्या मनाचा विमा कोणती कंपनी उतरविणार? तशात नगरपालिकेने जागा सोडण्याची नोटीस दिली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले, तेव्हा १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे धाडस होते, यात शंका नाही. पण ते करणाऱ्याला आपले यंत्र ठाऊक होते, कारागीर ठाऊक होते, आणि पडलाच तर सावरणारा एक हात पाठीशी होता.

याच मुंबई इलाख्यात याच्या अगदी उलट प्रकारही घडला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाचे भाव भडकले, आणि त्या पैशावर मुंबईत कंपन्यांचे व त्यांच्या शेअरांचे पेव फुटले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. त्या लोकांत धाडसाची वाण नव्हती. वाण होती ती स्वतःच्या पैशाची आणि धंद्याच्या माहितीची.

तेव्हा मुलगा धाडसी आहे की नाही हे फारसे महत्त्वाचे नाही. पडल्यास त्याचे काय होते, हे महत्त्वाचे. मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आपल्या कायद्यात १८५७ साली आले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने अडचणीतील कंपन्यांसाठी नवी वाट काढली. एकट्याच्या नावावर दुकान चालविणाऱ्या कर्जबाजाऱ्याला मात्र आजही मुंबईत १९०९ च्या आणि मुंबईबाहेर १९२० च्या जुन्या कायद्याचेच दार ठोठावावे लागते. मोठ्याचे अपयश ताळेबंदात जिरते, लहानाचे त्याच्या घरादारावर येते. मग बापाने 'नको' म्हटले तर त्यास भित्रा कसे म्हणावे? (आणि दर जूनमध्ये पावसाच्या भरवशावर उसनवारीचे बियाणे मातीत टाकणाऱ्याला आपण उद्योजक म्हणत नाही, हेही नमूद करण्यासारखे.)

दोघे घरी आले तेव्हा मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. पुण्यात आणखी दोन वर्षे राहावयास लागणारी रक्कम एका बाजूस लिहिली. गाळ्याचे भाडे, वाइंडिंग यंत्र, तांब्याची तार यांची दुसऱ्या बाजूस. दोन्ही आकड्यांत फारसे अंतर निघाले नाही. वडील बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी एकच अट घातली : शेत गहाण ठेवावयाचे नाही. मुलाने ती तत्काळ मान्य केली. गाळा कुठे घ्यावयाचा, बसस्थानकाजवळ की बाजार समितीच्या रस्त्यावर, यावर मात्र जिना उतरेपर्यंत त्यांचे एकमत झालेले नव्हते.