शिडीचा जीर्णोद्धार

दीपावली दारी आली की आमच्या संगमनेरात, जुन्या वाड्यांतून तशीच नव्या सदनिकांतूनही, वर्षभर अडगळीत पडलेली एक वस्तू बाहेर निघते. ती म्हणजे शिडी. जळमटे काढावयाची, माळ्यावरची पितळी भांडी उतरवावयाची, आकाशकंदील टांगावयाचा. तिच्यावाचून काही होत नाही. आणि बहुतेक घरांतील ही शिडी कधी ना कधी दुरुस्त केलेली असते. ती वापरावी की न वापरावी?

आमचा अनुभव प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी घरच्या लाकडी शिडीची तिसरी पायरी निखळली. आम्हीच खिळे ठोकले, वरून तार आवळली, रंगाचा हात दिला आणि आपल्या कारागिरीवर प्रसन्न झालो. धनत्रयोदशीस चिरंजीव कंदील टांगावयास चढले. पायरी टिकली, परंतु खिळा जेथे ठोकला होता तेथेच वाळलेला उभा दांडा चिरत गेला. मनगट मोडले. रंगाखाली चीर दिसली नाही, आणि तो रंग आम्हीच दिला होता.

मोडके सांधून वापरणे हा आपल्या घरांचा संस्कार आहे, आणि तो चांगलाच आहे. परंतु गोधडीचा टाका उसवला तर पाय उघडा पडतो. शिडीचा टाका उसवला तर माणूस पडते. हा विवेक आपल्या परंपरेला नवा नाही. देवालयाचा जीर्णोद्धार आपण करतो, पण खंडित मूर्ती सांधून पूजेत ठेवीत नाही. तिचे विसर्जन करतो. उलट शाळिग्राम भंगला तरी पूज्यच मानतात. म्हणजे कोणते वैगुण्य चालते आणि कोणते चालत नाही, हे वस्तू पाहून ठरते.

शिडीलाही तोच न्याय लावावा. पायांखालचे रबर झिजले, बोल्ट सैल झाला, घडीच्या शिडीची बिजागरी खिळखिळी झाली, तर योग्य सुटा भाग बसवून ती पुन्हा वापरता येते. उभे दांडे निर्दोष असतील तर कुशल सुताराने मूळच्याच मापाची, मूळच्याच पद्धतीने बसविलेली नवी पायरीही चालते. परंतु उभा दांडा चिरला, बांबू उकलला, वाळवी लागली किंवा ॲल्युमिनियमचा दांडा वाकला, तर ती शिडी संपली असे समजावे. वाकलेला दांडा ठोकून सरळ केला तरी त्याचे बळ परत येत नाही. ॲल्युमिनियमला डाग दिला तर उष्णतेने सांध्याजवळचा धातू उलट मऊ पडतो. सुतळी, तार आणि रंग ही तर दुरुस्ती नव्हेच. ते दोषावरचे पांघरूण आहे. “काल चढलो, काही झाले नाही,” हाही पुरावा नव्हे. चीर प्रत्येक भाराबरोबर थोडी थोडी वाढत असते.

कोणी म्हणेल, सणाचे काम आहे, देव राखील. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे. अवघड कड्यांवर तेथे लोखंडी शिड्या बसविल्या आहेत आणि नवरात्रात भाविक त्यांवरून देवीच्या दर्शनास जातात. श्रद्धा आहे म्हणून त्यांतली निखळलेली पायरी कोणी चालवून घेईल काय? मग घरातच का घ्यावी?

शिडी निर्दोष असली तरी ती सपाट जमिनीवर टेकवावी; चार फूट उंचीस एक फूट या मानाने पाया भिंतीपासून दूर ठेवावा; खाली एकाने धरून उभे राहावे. विजेच्या तारांजवळ धातूची शिडी नेऊच नये.

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. शिडी दुरुस्त करणारा एक असतो आणि चढणारा बहुधा दुसराच. घरची सून, शाळकरी मुलगा, कामास येणाऱ्या बाई. “ही शिडी धड आहे ना?” असे विचारण्याचे धैर्य त्यांना होत नाही. म्हणून दुरुस्त शिडीवर प्रथम दुरुस्त करणाराने चढावे, आणि स्वतः चढण्यास मन कचरत असेल तर दुसऱ्यास चढवू नये. निकामी शिडी कामाच्या माणसास ‘घेऊन जा’ म्हणून देऊही नये. कठोपनिषदातील नचिकेता अस्वस्थ झाला तो याच कारणाने; पित्याने दानात दिलेल्या गाई दूध देण्याच्या पलीकडे गेलेल्या होत्या. जे आपणांस नको ते देणे हे दान नव्हे. अशी शिडी करवतीने कापून मोडीत घालावी.

आकाशकंदील चार दिवस उशिरा लागला तरी लक्ष्मी रुसत नाही. तो लावणारे हात धडधाकट राहोत, हीच या दीपोत्सवी आमची प्रार्थना.