विश्लेषण : कमी गुण दिले म्हणजे बचाव भक्कम? कॉलेज बास्केटबॉलच्या चाहत्यांचा जुनाच घोळ

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचा 2019चा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा भारतात 9 एप्रिलची सकाळ उजाडली होती. मिनियापोलिसच्या स्टेडियममध्ये 72 हजारांहून अधिक प्रेक्षक आणि मैदानावर व्हर्जिनिया आणि टेक्सास टेक. दोन्ही संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचलेले, दोन्ही बचावासाठी नावाजलेले. आधीचे दोन दिवस चाहत्यांच्या चर्चेत एकच प्रश्न होता : गुण होणार तरी किती? कुणी पन्नाशी गाठली तरी पुरे, असा सूर होता. प्रत्यक्षात सामना जादा वेळेत गेला आणि व्हर्जिनियाने तो 85-77 असा जिंकला. बचाव कोलमडला म्हणून हे घडले का? अजिबात नाही. मोठ्या सामन्याआधी चाहते बचाव ज्या मापाने मोजतात, ते मापच चुकीचे आहे.

सामन्याआधी काय चर्चा होती?

या स्पर्धेला ‘मार्च मॅडनेस’ म्हणतात. 68 संघ, एक पराभव आणि घरी परत. अमेरिकेत शिकायला गेलेली इकडची मुले-मुलीही मार्च महिन्यात अचानक ‘ब्रॅकेट’ भरू लागतात, ते याच स्पर्धेचे. उपांत्य सामने शनिवारी आणि अंतिम सामना सोमवारी. म्हणजे चाहत्यांना वाद घालायला जेमतेम दोन दिवस मिळतात.

2019मध्ये या दोन दिवसांत तीन गट पडले होते. एका गटाला सामना रटाळ होणार याची खात्री होती. सट्टाबाजारानेही दोन्ही संघांचे मिळून 120पेक्षा कमी गुण धरले होते. दुसरा गट टेक्सास टेकच्या बाजूने. या संघाने मिशिगनला 44 आणि उपांत्य सामन्यात मिशिगन स्टेटला 51 गुणांत रोखले होते. प्रश्न एवढाच होता की, उपांत्य सामन्यात घोटा दुखावलेला उंचपुरा टारिक ओवेन्स खेळणार का? (तो खेळला.) तिसरा गट व्हर्जिनियाच्या चाहत्यांचा. त्यांच्या बोलण्यात उत्साहापेक्षा धास्ती जास्त होती. त्याला कारण होते.

वर्षभरापूर्वी, 16 मार्च 2018 रोजी, अव्वल मानांकित व्हर्जिनियाला सोळाव्या मानांकित यूएमबीसीने 74-54 असे हरवले होते. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर अव्वल आणि सोळावे मानांकन 135 वेळा समोरासमोर आले होते आणि 135 वेळा अव्वल संघच जिंकला होता. त्यानंतर वर्षभर व्हर्जिनियाच्या वाट्याला चेष्टाच आली. हा संथ, बचावावर जगणारा खेळ मार्चमध्ये चालत नाही, हे जणू सर्वमान्य झाले. अंतिम सामन्यात करंडकाबरोबर हा आरोपही पणाला लागला होता.

कमी गुण म्हणजे चांगला बचाव का?

इथे थोडे गणित आवश्यक आहे. समजा, एका संघाने सामन्यात 60 गुण दिले आणि दुसऱ्याने 68. पहिला संघ सरस वाटतो. पण पहिल्याच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला चेंडूचा ताबा 60 वेळा मिळाला आणि दुसऱ्याच्या सामन्यात 72 वेळा, तर चित्र उलटते. पहिल्याने प्रत्येक ताब्यामागे 1 गुण दिला, दुसऱ्याने 0.94. क्रिकेटमध्ये षटके न सांगता नुसत्या धावा सांगण्यासारखेच हे आहे.

त्या मोसमात व्हर्जिनिया हा देशातील 353 संघांमध्ये सर्वात संथ खेळणारा संघ होता. शॉट क्लॉक 30 सेकंदांचे. त्यातील बराच वेळ हा संघ पास आणि पळापळीत घालवायचा आणि मगच बास्केटकडे बघायचा. साहजिकच दोन्ही बाजूंचे गुण कमी दिसायचे. पण दर ताब्यामागे गुण मोजणाऱ्या केन पॉमेरॉय यांच्या क्रमवारीत व्हर्जिनियाचे आक्रमण देशात दुसऱ्या क्रमांकाचे होते. बचाव पाचव्या. ‘बचावाचा संघ’ म्हणून ज्याला हिणवले जात होते, तो आक्रमणात अधिक सरस होता! रटाळ सामन्याचे भाकीत करणाऱ्यांच्या हिशेबात ही गोष्ट नव्हतीच. टेक्सास टेकचा बचाव मात्र याच क्रमवारीत खरोखर पहिला होता.

‘पॅक लाइन’ काय सोडून देते?

क्रिकेटचा कर्णधार कधी कधी कव्हरची जागा मोकळी ठेवतो आणि स्लिपमध्ये जास्तीचा क्षेत्ररक्षक लावतो. फलंदाजाला ड्राइव्ह मारू दे, दोन चौकार गेले तर जाऊ देत, हा त्याचा हिशेब. बास्केटबॉलचा बचावही असाच असतो. पाच जणांनी सगळे मैदान अडवता येत नाही. काहीतरी सोडावेच लागते. काय सोडायचे, याच्या निवडीलाच डावपेच म्हणतात.

व्हर्जिनियाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांची पद्धत ‘पॅक लाइन’ नावाने ओळखली जाते. ती त्यांना वडिलांकडून, डिक बेनेट यांच्याकडून मिळाली. बास्केटपासून सुमारे 16 फुटांवर, म्हणजे थ्री पॉइंटरच्या रेषेच्या बरेच आत, एक कमान आहे असे मानायचे. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला एक बचावपटू जाऊन भिडतो. उरलेले चौघे त्या कमानीच्या आत राहतात, मग त्यांचा माणूस बाहेर मोकळा का असेना. चेंडू घेऊन आत घुसू पाहणाऱ्याला प्रत्येक फटीत कुणीतरी उभे दिसते. चेंडू बाहेर गेला की बचावपटू पळत जाऊन समोर हात उंचावतो.

यामागचा तर्क सरळ आहे. बास्केटजवळून घेतलेले साधारण 60 टक्के फटके आत जातात. प्रत्येकी 2 गुण धरले तर एका प्रयत्नामागे 1.2 गुण. शिवाय धक्काबुक्की झाली तर फ्री थ्रो वेगळे. थ्री पॉइंटर कॉलेज पातळीवर तेव्हा सरासरी 34 टक्क्यांच्या आसपास जात असे, म्हणजे 1.02 गुण. त्यातही समोर हात असेल तर आणखी कमी. आतला दरवाजा बंद करून बाहेरची खिडकी उघडी ठेवणे परवडते ते यामुळे.

गंमत अशी की, ही खिडकी उघडी ठेवणारे बेनेट स्वतः खेळाडू असताना तिथूनच घुसायचे. त्यांनी कॉलेज कारकीर्दीत 49.7 टक्के थ्री पॉइंटर साधले, तो विक्रम आहे.

यूएमबीसीने 2018मध्ये याच खिडकीतून प्रवेश केला. 24 प्रयत्नांत 12 थ्री पॉइंटर. मध्यंतराला 21-21 अशी बरोबरी होती, उत्तरार्धात यूएमबीसीने 53 गुण केले. व्हर्जिनियाचे स्वतःचे 22पैकी 4 गेले. त्यांचा डीआंद्रे हंटर मनगट मोडल्याने बाहेर होता, हे त्या रात्रीच्या चेष्टेत बहुतेकांच्या लक्षातही राहिले नाही. 2019च्या उपउपांत्य सामन्यातही पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने एकट्याने 10 थ्री पॉइंटर आणि 42 गुण काढले. पण या वेळी हंटर होता, आक्रमण होते आणि ममादी डियाकिटेने अखेरच्या क्षणी बरोबरी साधून दिली. व्हर्जिनिया जादा वेळेत 80-75 असा वाचला.

‘नो मिडल’ काय सोडते?

टेक्सास टेकचे प्रशिक्षक ख्रिस बिअर्ड. पण त्यांच्या बचावाचे शिल्पकार म्हणून सहाय्यक प्रशिक्षक मार्क अॅडम्स यांचे नाव घेतले जाते. नियम नावातच आहे : चेंडू मैदानाच्या मध्यभागी येऊ द्यायचा नाही. बचावपटू समोर सरळ उभा न राहता तिरका उभा राहतो आणि चेंडूवाल्याला कडेकडे, बेसलाइनकडे ढकलतो. तो खूश होऊन बेसलाइनवरून आत शिरला की दुसऱ्या बाजूचा बचावपटू आधीच वाट अडवून उभा. बाजूची रेषा, मागची रेषा आणि दोन माणसे, असा कोंडमारा होतो.

मध्यभागाचाच एवढा धसका का? तिथून डावीकडे, उजवीकडे, आत, बाहेर, कुठेही पास देता येतो. कडेला गेल्यावर निम्म्या वाटा आपोआप बंद. मात्र मदतीला माणूस सरकला की त्याची जागा रिकामी पडते. ती भरायला इतरांनी क्षणात सरकावे लागते. एकाने अर्धा सेकंद उशीर केला तर कोपऱ्यात किंवा लांबच्या बाजूला कुणीतरी मोकळा सापडतो.

मग त्या सकाळी काय झाले?

दोन्ही बचावांनी जे अडवायचे ते बऱ्याच अंशी अडवले. टेक्सास टेकचा प्रमुख खेळाडू जॅरेट कल्व्हर हंटरसमोर 22पैकी फक्त 5 फटके साधू शकला. पॅक लाइनने टेक्सास टेकला बाहेर ढकलले आणि त्यांनी तब्बल 30 थ्री पॉइंटर मारून पाहिले. 10 गेले. व्हर्जिनियाने 24पैकी 11 साधले. दोन्ही संघांनी एकूण बास्केट सारखेच केले, 27-27. फरक पडला तो एका जादा थ्री पॉइंटरचा आणि फ्री थ्रोचा.

सामना फिरला तो क्षण तर डावपेचांचा धडाच म्हणावा असा. टेक्सास टेक 68-65 असा पुढे, 12 सेकंद शिल्लक. व्हर्जिनियाचा टाय जेरोम चेंडू घेऊन आत घुसला. नो मिडलच्या शिकवणीप्रमाणे मदत आत सरकली. जेरोमने चेंडू कोपऱ्यात टाकला. तिथे हंटर मोकळा होता. 68-68.

तीन गुणांची आघाडी असताना दोन गुण देणे परवडले असते, मदतीला सरकणे नव्हे. पण पाच महिने रोज जी सवय अंगात भिनवली ती 12 सेकंद उरल्यावर बंद करता येत नाही. विशीतल्या मुलांकडून ती अपेक्षा करणे म्हणजे घरी सोफ्यावर बसून प्रशिक्षक होण्यासारखे आहे. जादा वेळेत हंटरने आणखी एक थ्री पॉइंटर मारला, व्हर्जिनियाने 12पैकी 12 फ्री थ्रो साधले आणि विषय संपला. हंटरचे एकूण 27 गुण, त्यातले 22 मध्यंतरानंतरचे.

चाहत्यांचे चुकले कुठे?

‘कुणाचा बचाव चांगला’ हा प्रश्न दोन दिवस घोळवला गेला. त्याऐवजी ‘कोण काय सोडते आणि समोरच्याला ते घेता येते का’ हे विचारले असते, तर उत्तर बरेच जवळ होते. टेक्सास टेक लांबचा मोकळा माणूस सोडते. व्हर्जिनियाकडे हंटर, जेरोम आणि काइल गाय असे तिघे थ्री पॉइंटर मारणारे होते. व्हर्जिनियाही बाहेरची खिडकी सोडते, पण टेक्सास टेकचा मुख्य खेळाडू आत घुसून गुण करणारा होता. म्हणजे गुण होणार होते आणि त्यातले बरेच बाहेरून होणार होते.

अर्थात, पॅक लाइनवरचे आक्षेप या विजयाने पुसले गेले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. 2019-20च्या मोसमापासून पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये थ्री पॉइंटरची रेषा मागे नेऊन आंतरराष्ट्रीय अंतरावर, 6.75 मीटरवर ठेवण्यात आली. आतून बाहेर धावत जाणाऱ्या बचावपटूचे अंतर त्यामुळे वाढले. त्या विजेतेपदानंतर बेनेट यांच्या व्हर्जिनियाला या स्पर्धेत एकही सामना जिंकता आला नाही. 2021मध्ये ओहायो, 2023मध्ये फरमन, 2024मध्ये कोलोरॅडो स्टेटकडून पराभव. ऑक्टोबर 2024मध्ये, मोसम तोंडावर असताना, बेनेट निवृत्त झाले.

टीकाकारांनी हे पराभव लगेच पुरावा म्हणून पुढे केले. पण कोलोरॅडो स्टेटविरुद्ध व्हर्जिनियाने 67 गुण दिले आणि स्वतः केले अवघे 42. 67 गुण दिले ते बचावाने, पण 42वर अडकले ते आक्रमण. दोन वेगळे आजार एकाच नावाने ओळखण्याची चूक 2018मध्ये झाली होती, तीच पुन्हा झाली. 2019मध्ये देशात दुसरे असलेले ते आक्रमण नंतरच्या संघांकडे राहिले नव्हते. हंटर, जेरोम आणि गाय हे तिघेही विजेतेपदानंतर लगेच कॉलेज सोडून गेले होते.