नदीच्या दोन्ही काठांचा सुली

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला हल नावाचं बंदराचं शहर आहे. त्याच्या मधून वाहणाऱ्या नदीचं नावही हलच. नदीच्या पश्चिमेला राहणारे लोक 'हल एफसी' या क्लबाचे, त्यांचे रंग काळा-पांढरा. पूर्वेचे लोक 'हल किंग्स्टन रोव्हर्स'चे, त्यांचे लाल-पांढरा. मूल कुठल्या काठावर जन्मलं यावर त्याचा क्लब ठरतो. सोयरीक जुळवताना हा प्रश्न निघतो की नाही मला ठाऊक नाही, पण निघत असेल तर आपल्या भागातल्या माणसाला त्याचं नवल वाटू नये!

दोन्ही क्लब खेळतात ती रग्बी लीग. रग्बीचे प्रकार दोन. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी सामन्याला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्या, असं तिथल्या क्लबांनी म्हटलं. मूळ संघटनेने ठाम नकार दिला, कारण खेळाला पैशाचा विटाळ नको! शेवटी १८९५ साली उत्तरेचे क्लब वेगळे झाले. पुढे त्यांनी पंधराऐवजी तेरा खेळाडूंचा खेळ केला, तीच ही लीग. वेल्समध्ये मात्र जुन्या रग्बीचं, म्हणजे युनियनचं राज्य. त्या काळी तिथला जो कुणी पैसे घेऊन उत्तरेला जाई, त्याला युनियनचं दार बंद होई.

त्या वेल्समधल्या कार्डिफचा क्लाइव्ह सलिव्हन. जन्म १९४३ चा, आईवडील मूळचे जमैकाचे. लहानपणी पायांवर आणि खांद्यावर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या, की हा मुलगा धड चालेल की नाही याचीच डॉक्टरांना शंका होती. पुढे तो सैन्यात भरती झाला. तिथे एका सामन्यात त्याला उतरायला सांगितलं. नाही म्हणावं तर जुनी दुखणी उघडी पडणार आणि नोकरी जाणार. पोरगा मुकाट मैदानात उतरला आणि वाऱ्यासारखा धावला.

१९६१ मध्ये हल एफसीने त्याला चाचणीसाठी खेळवलं, तेही खरं नाव गुप्त ठेवून. पहिल्याच सामन्यात त्याने तीन ट्राय केले. (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो.) लगेच करार झाला. १९६३ साली मोटार अपघातात तो जबर जखमी झाला. आता संपलं, असं लोक म्हणत असतानाच काही महिन्यांत तो परत मैदानात आला. तेरा वर्षांत हलसाठी त्याने २५० ट्राय केले. गावाने त्याचं नाव सुली ठेवलं.

१९७२ मध्ये तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला. ब्रिटनच्या कुठल्याही प्रमुख खेळातल्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. त्याच वर्षी फ्रान्समध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना ऑस्ट्रेलियाशी झाला. सुलीने चेंडू उचलला आणि जवळजवळ सगळं मैदान पार करून ट्राय केला. जादा वेळ देऊनही १०-१० अशी बरोबरी राहिली. साखळीतली कामगिरी सरस म्हणून चषक ब्रिटनला मिळाला. त्यानंतर २०२२ च्या स्पर्धेपर्यंत तो ब्रिटनच्या किंवा इंग्लंडच्या हाती पुन्हा आलेला नाही.

पण मला या माणसाचं खरं अप्रूप वाटतं ते १९७४ चं. त्या वर्षी सुली नदी ओलांडून रोव्हर्सकडे गेला. ज्यांच्याविरुद्ध तेरा वर्षं धावला, त्यांच्याच रंगाची जर्सी त्याने अंगात घातली!

आमच्या घरात दोन भाषा आहेत. सासूबाईंशी कन्नड, माहेरी मराठी, आणि मुलं एकाच वाक्यात दोन्ही वापरतात. लग्नाच्या पंगतीत हसत हसत कुणीतरी विचारतंच, "नीवु यार कडे?" गंमत बघा, 'कडे' हा शब्द दोन्ही भाषांत आहे, आणि प्रश्न मात्र एकच बाजू मागतो. उत्तर काहीही दिलं तरी अर्धी पंगत नाराज. मी आपली जिलेबी मागवते.

सुलीलाही हा प्रश्न कुणी तरी टाकला असेलच. त्याने काय सांगितलं ते बाजूला ठेवू. रोव्हर्ससाठी त्याने ११८ ट्राय केले हे मात्र नोंदलेलं आहे. दोन्ही काठांसाठी शंभराच्या वर! १९८० साली चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर नेमके हेच दोन क्लब समोरासमोर आले. अख्खं शहर लंडनला निघालं होतं. सदतीस वर्षांचा सुली लाल-पांढऱ्या जर्सीत खेळला आणि रोव्हर्सने १०-५ असा सामना जिंकला. एवढं होऊनही पश्चिमेच्या लोकांनी त्याच्यावर राग धरला नाही. पुढच्या वर्षी तो हल एफसीत परतला, तेव्हा त्यांनी त्याला घरच्यासारखं घेतलं.

हे कसं जमलं असेल? माझ्या मते त्याने एका काठाला खूश करण्यासाठी दुसऱ्याला कधी कमी लेखलं नाही. जिथे होता तिथे जीव ओतून खेळला. आणि तो मुळात दोन्ही काठांचा नव्हता, हेही असेल. बाहेरून आलेल्या माणसाला कधीकधी अख्खं गाव दिसतं, गावकऱ्यांना आपली आळीच दिसते.

१९८५ च्या ऑक्टोबरमध्ये कर्करोगाने तो गेला. वय अवघं बेचाळीस. पश्चिमेकडून शहरात येणाऱ्या हमरस्त्याला हलने त्याचं नाव दिलं, 'क्लाइव्ह सलिव्हन वे'. दोन्ही क्लबांमध्ये त्याच्या नावाच्या चषकासाठीही सामने होतात. कार्डिफने २०२३ मध्ये बिली बॉस्टन आणि गस रिस्मन यांच्यासोबत त्याचा पुतळा उभारला. उत्तरेला गेलेली ही तिघंही त्याच गावची पोरं.

मुलगा अँथनी बापासारखाच विंगवर खेळणारा निघाला. जन्म हलचा, सुरुवात रोव्हर्सकडे, नाव कमावलं सेंट हेलेन्समध्ये आणि देशाची जर्सी घातली ती वेल्सची.